एल सांतो : चंदेरी मुखवट्याचा पैलवान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेक्सिकोच्या कुस्तीचा विषय निघाला की लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. क्रम मनाला येईल तसा आहे. कुठे जास्त रमलो असेन तर समजून घ्या.

एल सांतो म्हणजे नेमका कोण?

खरं नाव रोदोल्फो गुस्मान उएर्ता. जन्म २३ सप्टेंबर १९१७, मेक्सिकोतल्या इदाल्गो राज्यात तुलान्सिंगो नावाच्या गावी. लहानपणीच घरच्यांबरोबर मेक्सिको शहरात आला आणि तेपितो नावाच्या वस्तीत वाढला. तेपितो म्हणजे कष्टकऱ्यांची, बाजाराची, मारामारीची वस्ती. तिथल्या पोराला मूठ वळायला वेगळं शिकवावं लागत नाही. भावंडांपैकी काही जण कुस्तीत उतरले, त्यातला एक 'ब्लॅक गुस्मान' या नावाने बराच गाजला.

पण रोदोल्फो गुस्मान कोण हे मेक्सिकोत फारसं कुणी विचारत नव्हतं. लोकांना माहीत होता तो 'एल सांतो', म्हणजे 'संत'. चंदेरी मुखवटा, चंदेरी झगा. लोक त्याला 'एल एन्मास्कारादो दे प्लाता' म्हणायचे, चांदीचा मुखवटेवाला. चाळीस वर्षं तो रिंगमध्ये होता आणि या चाळीस वर्षांत लोकांनी त्याचा चेहरा पाहिला नाही.

म्हणजे टीव्हीवर यायचा तो रे मिस्टेरिओच का?

नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की वर घ्यावा लागला. केबलच्या जमान्यात वाढलेल्या आपल्या पिढीला मुखवट्याचा मेक्सिकन पैलवान म्हटलं की तोच आठवतो, त्याला इलाज नाही. रे मिस्टेरिओ खूप नंतरचा, १९७४ चा जन्म, तोही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टात. सांतो १९८४ मध्ये वारला तेव्हा हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा असेल.

पण एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. तुम्ही एडी गेरेरोला पाहिलं असेल. लबाडी करून जिंकणारा, खांदे उडवत यायचा तो. त्याचे वडील गोरी गेरेरो हे सांतोचे जोडीदार. दोघांच्या जोडीला 'ला पारेहा अतोमिका', म्हणजे 'अणुजोडी' म्हणायचे. १९४० च्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हा अणू हा शब्द सगळ्यांच्याच तोंडात होता. तेव्हा शाळेच्या दप्तरात एडीचं ट्रम्प कार्ड घेऊन फिरणारी पोरं नकळत सांतोच्या घरोब्यातली झाली होती.

'संत' हे नाव त्याने का घेतलं? भाविक होता का?

नाव घेण्याआधी बरीच नावं टाकून झाली होती. सुरुवातीला 'रुडी गुस्मान' म्हणून लढला. मग 'लाल माणूस' झाला, 'काळा राक्षस' झाला. मग त्याने 'मुर्सिएलागो दुसरा' व्हायचं ठरवलं. मुर्सिएलागो म्हणजे वटवाघूळ, आणि वटवाघूळ या नावाचा एक पैलवान, मुर्सिएलागो वेलास्केस, आधीच रिंगमध्ये होता. तो गेला तक्रार घेऊन मुष्टियुद्ध आणि कुस्तीच्या आयोगाकडे. आयोगाने निकाल दिला की गुस्मानला हे नाव वापरता येणार नाही. एखादं हॉटेल शेजारच्या हॉटेलच्या नावापुढे 'न्यू' लावून चालू करावं आणि मालकाने पाटी उतरवायला लावावी, तसं झालं.

१९४२ मध्ये हेसुस लोमेली नावाचा कुस्तीतला जाणता माणूस चंदेरी पोशाखातल्या पैलवानांचा एक चमू उभा करत होता. त्याने गुस्मानपुढे तीन नावं ठेवली : संत, सैतान आणि देवदूत. गुस्मानने संत उचललं. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी एल सांतो म्हणून तो पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला, आणि उतरला तो मारकुटा, नियम मोडणारा दांडगोबा म्हणून. नाव संताचं आणि वागणं असं. पब्लिक चिडायचं, आणि चिडायला दर आठवड्याला तिकीट काढून यायचं.

लुचा लिब्रे आणि आपली कुस्ती यात फरक काय?

जमीन-अस्मानाचा. आपल्याकडे लाल माती, लंगोट, आणि पाठ टेकली की चीतपट, विषय संपला. लुचा लिब्रे म्हणजे मेक्सिकोची कुस्ती, शब्दशः 'मुक्त झुंज'. ती दोऱ्यांच्या रिंगमध्ये चालते. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या असतात. दोऱ्यांवर चढून उड्या मारणं, रिंगबाहेर झेप घेणं, हवेत गिरकी घेणं हे सगळं तिथे रोजचं.

तिथल्या व्यवसायाचा पाया घातला साल्वादोर लुतेरोथ या माणसाने. सीमेपलीकडे टेक्सासात कुस्त्या बघून त्याच्या डोक्यात कल्पना आली आणि १९३३ च्या सप्टेंबरात त्याने स्वतःची कंपनी काढली. ती कंपनी आजही चालू आहे. कुस्ती चालवणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या कंपन्यांमध्ये तिचं नाव घेतात.

पैलवानांचे दोन पक्ष असतात. 'तेक्निको' म्हणजे नियमाने, डावाने खेळणारे. 'रूदो' म्हणजे रांगडे, रेफरीची पाठ वळली की गुद्दा हाणणारे. आपल्याला यात नायक आणि खलनायक दिसतात, पण तिथला प्रेक्षक इतका भोळा नाही. रूदोंचे स्वतःचे कट्टर चाहते असतात. आयुष्यभर साहेबाचं ऐकून घेणारा माणूस शुक्रवारी रात्री रूदोच्या नावाने ओरडतो, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

पण निकाल आधीच ठरलेला असतो ना? मग कारकीर्द कसली?

हो, ठरलेला असतो. आणि सहा फुटांवरून पाठीवर पडणं ठरवून पडलं तरी पाठीलाच लागतं.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो : तमाशातला वग आधी ठरलेला असतो म्हणून सोंगाड्याला कुणी फुकटा म्हणत नाही. तिथे निकाल नाही, माणूस बघायचा असतो. तीन फेऱ्यांत दहा हजार लोकांना उभं करायचं, बसवायचं, शिव्या द्यायला लावायचं आणि शेवटच्या मिनिटाला गप्प करायचं. तेही चेहरा झाकून. भुवई नाही, गाल नाही, डोळ्यांभोवतीचं काही दिसत नाही. सगळं मानेच्या वळणातून आणि खांद्यांतून दाखवायचं. बाकी नटांना जे भांडवल फुकट मिळतं ते याने झाकून ठेवलं होतं.

मुखवट्याची पद्धत कुठून आली? अझ्टेक वगैरे?

अझ्टेकांच्या मुखवट्यांशी नातं जोडायचा मोह सगळ्यांना होतो. प्रत्यक्षात गोष्ट चांभारकामाची आहे. १९३० च्या दशकात 'सिक्लोन मॅकी' नावाचा एक परदेशी पैलवान मेक्सिकोत आला आणि त्याला मुखवटा हवा होता. तो गेला आन्तोनियो मार्तीनेस या कारागिराकडे. मार्तीनेस लेओन शहरचा. लेओन म्हणजे मेक्सिकोतलं चपला-बुटांचं गाव. पैलवानांचे बूट तो शिवायचाच. त्याने डोक्याची मापं घेऊन चामड्याचा मुखवटा शिवला. पहिला काही नीट बसला नाही. पण मार्तीनेस खटपट करत राहिला, आणि हळूहळू मागे नाडीने आवळायचा, डोक्याला कातडीसारखा बसणारा मुखवटा तयार झाला. आजचे सगळे मुखवटे त्याच घराण्यातले.

हे नीट बघण्यासारखं आहे. चांगला मुखवटा हा पिशवीसारखा डोक्यात घालायचा नसतो. तो तुकड्यांचा असतो, नाकावर उठाव असतो, डोळे आणि तोंडाच्या कडा वेगळ्या कापडाने मढवलेल्या असतात. मागे, कवटीपासून मानेपर्यंत, बुटाच्या नाडीसारखी नाडी ओवतात. बुटवाल्याने शोधलेली गोष्ट आहे ना, बुटासारखीच बांधतात. आणि म्हणूनच समोरचा पैलवान हाताला सापडलं की आधी नाडी सोडायला बघतो. मुखवटा ओढणं हा नियमभंग आहे, तरी चालू असतं. अशा वेळी मुखवटा अर्धा वर आला की पैलवान लढत सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकतो. हा क्षण एकदा पाहिला की त्या कापडाची किंमत कळते.

सांतोचा आवडता डाव कोणता?

'ला दे आ काबायो', म्हणजे घोड्यावरची. प्रतिस्पर्धी पालथा पडलेला, हा त्याच्या पाठीवर घोड्यावर बसावं तसा बसलेला. पडलेल्याचे दोन्ही हात मागे, याच्या मांड्यांवर अडकवलेले. मग दोन्ही हातांची बोटं गुंफून हनुवटीखाली घालायची आणि मागे रेलायचं. खालच्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो, आणि हात अडकलेले असल्यामुळे जमिनीवर आपटून हार मानायलाही हात मोकळा नसतो. त्याला तोंडानेच सांगावं लागतं. तालमीतला 'सवारी' डाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल, फक्त आपल्याकडे यातून पाठ टेकवायची असते, तिथे शरण आणायचं असतं.

हा डाव मुळात गोरी गेरेरोचा म्हणतात. इंग्रजीत तोच पुढे 'उंटाची पकड' म्हणून प्रसिद्ध झाला. सांतोला त्याची ख्याती मिळाली आणि जोडीदाराने त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. दुसरी त्याची खासियत म्हणजे दोऱ्यांमधून डोकं पुढे करून रिंगबाहेर उभ्या असलेल्याच्या छातीवर मारलेली झेप. वजनदार गडी असता तर जमलं नसतं. तो मधल्या वजनगटातला होता, वेल्टर आणि मिडलवेट.

मुखवटा पणाला लावणं म्हणजे काय? आणि १९५२ मध्ये काय झालं?

लुचा लिब्रेतली सगळ्यात मोठी लढत किताबासाठी नसते. ती पैजेची असते. मुखवटा विरुद्ध मुखवटा, किंवा मुखवटा विरुद्ध केस. हरला त्याने रिंगमध्येच मुखवटा काढायचा, स्वतःचं खरं नाव सांगायचं, गाव सांगायचं. पुन्हा तो मुखवटा घालायचा नाही. ज्याचा मुखवटा नाही तो केस लावतो, हरला तर तिथेच हजामत.

सांतोच्या कारकिर्दीचा कणा म्हणजे ७ नोव्हेंबर १९५२ ची रात्र. जागा अरेना कोलिसेओ, मेक्सिको शहराच्या जुन्या भागातल्या रेपुब्लिका दे पेरू रस्त्यावर. हे सभागृह उतरत्या वर्तुळांचं आहे, म्हणून लोक त्याला 'पेरू रस्त्यावरचं नरसाळं' म्हणतात. नरसाळ्याच्या तळाशी दोघं : सांतो आणि ब्लॅक शॅडो. ब्लॅक शॅडो तेव्हा भरात होता. उंच उड्या, देखणी अंगकाठी, लोकांचा लाडका. दोघांपैकी एक जण रात्री उघड्या तोंडाने घरी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. शॅडो हरला. मुखवटा निघाला आणि त्याच्याखालून आलेहान्द्रो क्रुस निघाला.

सांतो त्या रात्रीपर्यंत नावाजलेला पैलवान होता. त्यानंतर तो मेक्सिकोचा झाला. आणि ब्लॅक शॅडोबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण लोक ती विसरतात : चेहरा उघडा पडल्यावरही तो पुढे कित्येक वर्षं लढत राहिला, आणि चांगला लढला.

ब्लू डेमनशी खरंच वैर होतं का?

ब्लू डेमन, म्हणजे आलेहान्द्रो मुन्योस, हा ब्लॅक शॅडोचा जोडीदार. दोघं 'शॅडो बंधू' म्हणवून घ्यायचे. जोडीदाराचा मुखवटा गेल्यावर निळ्या मुखवट्याचा हा गडी सांतोच्या मागे लागला आणि १९५३ मध्ये त्याने सांतोला हरवून वेल्टरवेटचा जागतिक किताब हिसकावून घेतला. गंमत अशी की यात भला माणूस ठरला 'राक्षस' आणि वाईट ठरला 'संत'.

पुढे सिनेमात दोघं खांद्याला खांदा लावून राक्षसांशी लढले. प्रत्यक्षात दोघांचं फारसं जमत नसे असं त्यांना ओळखणारे सांगत आले. सांतोचं नाव नेहमी पाटीवर आधी, पैसेही जास्त, आणि ब्लू डेमनला ते खुपायचं. त्याच्या बाजूने विचार केला तर रिंगमध्ये त्याने सांतोला हरवून दाखवलं होतं.

दोघांनी एकमेकांविरुद्ध मुखवटा मात्र कधी लावला नाही. त्यापेक्षा मोठी लढत मेक्सिकोत होऊ शकली नसती. पण ती झाली असती तर एक मुखवटा कायमचा गेला असता, आणि त्यावर दोघांचीच नव्हे, कितीतरी जणांची पोटं चालत होती. ब्लू डेमन १९८९ मध्ये मुखवट्यानिशी निवृत्त झाला आणि २००० मध्ये वारला. तोही मुखवट्यातच पुरला गेला.

सांतो खरंच कायम मुखवटा घालून असायचा? जेवायचा कसा?

मला विचाराल तर त्याची खरी कारकीर्द ही. रिंगमधली लढत अर्ध्या-पाऊण तासाची. ही लढत चोवीस तासांची होती.

जेवणासाठी त्याच्याकडे वेगळा मुखवटा होता, हनुवटीकडून उघडा, म्हणजे घास घेता येईल असा. सिनेमाच्या सेटवर दिवसभर मुखवटा चढलेला. परदेशी जाताना विमानतळावर पारपत्र तपासायला मुखवटा काढावाच लागणार. एकदा चित्रपटाच्या मंडळींबरोबर मायामीला जायचं होतं, तर हा वेगळ्या विमानाने गेला, म्हणजे बरोबरच्या लोकांना चेहरा दिसू नये. सेटवर महिनोन्‌महिने बरोबर काम केलेली माणसं, आणि त्यांच्यापासूनही लपवायचं.

दुसरी बाजूही आहे. मुखवटा काढला की तो बाजारात, देवळात, मुलांच्या शाळेत कुठेही जाऊ शकत होता. मेक्सिकोतला सर्वांत प्रसिद्ध माणूस भाजीच्या रांगेत उभा आहे आणि कुणी ढुंकून बघत नाही. आजच्या सिनेनटाने यासाठी किती मोजले असते?

सिनेमात कसा आला?

आधी आलं चित्रमासिकासारखं काहीतरी. १९५२ मध्ये होसे ग्वादालुपे क्रुस या प्रकाशकाने सांतोची चित्रकथा सुरू केली. यात फोटो आणि चित्रं कापून, चिकटवून पानं केलेली असत. रिंगमधला दांडगोबा इथे देवभोळा, गोरगरिबांचा कैवारी झाला होता. म्हणजे शनिवारी ज्याच्या नावाने शिव्या घालायच्या त्याचीच गोष्ट सोमवारी पोराला वाचून दाखवायची. ही चित्रकथा पस्तीस वर्षं चालली. मधे सांतोचं आणि प्रकाशकाचं बिनसलं, तेव्हा प्रकाशकाने सरळ दुसराच पिळदार माणूस मुखवटा घालून उभा केला आणि त्याच्या कपाळावर 'एस' अक्षर लावलं. मुखवट्याचा हा तोटा. माणूस बदलता येतो.

सिनेमाबाबत सांतोचा अंदाज साफ चुकला होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला 'चांदीचा मुखवटेवाला' याच नावाचा चित्रपट काढायचा घाट घातला गेला. तो म्हणाला, हे काही चालायचं नाही. मग दुसऱ्या पैलवानाला, मेदिको आसेसिनोला, घेऊन तो चित्रपट झाला. पुढे १९५० च्या दशकाच्या मध्यात मेक्सिको शहरात टीव्हीवर कुस्ती दाखवायला बंदी आली आणि घरबसल्या कुस्ती बघायची सवय लागलेला प्रेक्षक सिनेमाकडे वळला. १९५८ मध्ये सांतोने क्युबात दोन चित्रपट केले, तेही दुय्यम भूमिकेत. चित्रीकरण संपलं आणि लगोलग कास्त्रोची क्रांती हवानात शिरली. हे दोन्ही चित्रपट पडद्यावर आले १९६१ मध्ये, आणि त्याच सुमाराला त्याचे नायक म्हणून चित्रपट सुरू झाले. मग थांबलाच नाही. एकूण पन्नासच्या वर.

सिनेमातला सांतो इतका सज्जन झाला की रिंगमधल्या सांतोलाही सुधारावं लागलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो रूदोंचा पक्ष सोडून तेक्निको झाला. वीस वर्षांची दांडगाई संपली.

ते चित्रपट आज बघण्यासारखे आहेत का?

खरं सांगू? अर्धे नाहीत.

ठरीव साचा असतो : वेडा शास्त्रज्ञ किंवा पिशाच्च, एक सुंदर मुलगी, पोलीस हतबल, सांतोला फोन. सांतो येतो, पण मधेच त्याची रिंगमध्ये लढत असते, ती आधी उरकतो. जग बुडायची वेळ आली तरी तिकीट काढलेल्या पब्लिकला तो निराश करत नाही. दोन-तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकायचे, त्यामुळे वटवाघळाची तार दिसते. बऱ्याच चित्रपटांत सांतोचा आवाजही त्याचा नाही, दुसऱ्या नटांनी दिलेला आहे. चेहरा झाकलेला, आवाज उसना, आणि तरी पडद्यावर आला की तोच आहे हे पोरगंसुद्धा सांगेल. यातच त्याचं कसब.

एकच बघायचा असेल तर १९६२ चा 'सांतो विरुद्ध पिशाच्च स्त्रिया' बघा. कृष्णधवल आहे, सावल्यांचं काम सुरेख आहे. अमेरिकेत तो इंग्रजी करून दाखवला तेव्हा सांतोचं नाव सॅमसन केलं होतं, का ते त्यांनाच ठाऊक. दुसरा 'ग्वानाहुआतोच्या ममी', १९७२ चा, ज्यात सांतो, ब्लू डेमन आणि मिल मास्कारास हा आणखी एक मुखवटेवाला पैलवान, असे तिघं आहेत. यात सांतो शेवटी येतो आणि सगळं श्रेय घेऊन जातो, ब्लू डेमनच्या चाहत्यांचा त्यावर अजून राग आहे. ग्वानाहुआतो शहरात खऱ्याखुऱ्या ममींचं संग्रहालय आहे, ते मात्र सिनेमापेक्षा भयंकर.

आपल्याकडे याच काळात दारासिंग काय करत होते आठवा. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्रीस्टाइल कुस्त्या आणि जोडीला मारधाडीचे स्टंटपट. पैलवानाला पडद्यावर बघायची हौस दोन्हीकडे एकाच दशकात आली. फरक इतकाच की दारासिंग यांचं हसू लोकांच्या ओळखीचं होतं.

किताब किती जिंकला?

राष्ट्रीय वेल्टरवेट, मिडलवेट, लाइट हेवीवेट, शिवाय वेल्टर आणि मिडलचे जागतिक. याद्या सापडतील. तिथल्या लोकांना किताब फारसे आठवत नाहीत, कोणाचा मुखवटा आणि कोणाचे केस घेतले ते आठवतं. १९७५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने पेरो आग्वायो या तरण्याबांड रूदोचे केस पैजेत घेतले. पेरो म्हणजे कुत्रा. पुढे हा आग्वायो स्वतः मोठा तारा झाला.

निवृत्त कधी झाला?

१९८२ मध्ये. शेवटच्या काळात एकदा रिंगमध्येच हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, म्हणजे सूचना मिळाली होती. निरोपाच्या लढती झाल्या, त्यातली शेवटची १२ सप्टेंबर १९८२ ला, एल तोरेओ या बैलझुंजीच्या आखाड्यात. पासष्ट वर्षं पुरी व्हायला अकरा दिवस होते. त्याच्या बाजूने उभ्या असलेल्यांत कोण होतं? गोरी गेरेरो. अणुजोडी म्हातारी होऊन पुन्हा एकदा उभी राहिली होती. समोर पेरो आग्वायो होता, केस केव्हाच पुन्हा वाढलेले.

टीव्हीवर त्याने मुखवटा काढला होता ना?

पूर्ण नाही. १९८४ च्या जानेवारीच्या अखेरीस 'कोन्त्रापुन्तो' नावाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो बसला होता. नेहमीसारखा कोट आणि मुखवटा. बोलता बोलता, काही सांगता सवरता नाही, त्याने मुखवटा खालून वर सरकवला. चेहऱ्याचा बराचसा भाग दिसला. साठी उलटलेल्या साध्या माणसाचा चेहरा. लगेच परत खाली. कुठल्याही पैलवानाला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं ते त्याने स्वतःच्या हाताने केलं.

त्यानंतर आठवड्याभराने, ५ फेब्रुवारी १९८४ च्या रात्री, मेक्सिको शहरातल्या ब्लान्किता नाट्यगृहातला कार्यक्रम आटोपल्यावर त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. निवृत्तीनंतर तो रंगमंचावर बंधनातून सुटून दाखवायचे प्रयोग करत होता. त्याला कळलं होतं का, म्हणून त्याने चेहरा दाखवला का, यावर मेक्सिकोत आजही गप्पा रंगतात. मी त्यात पडत नाही.

अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी होती. शवपेटी उचलताना चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला चंदेरी मुखवट्यातच ठेवलं होतं.

त्याचा मुलगाही पैलवान आहे का?

हो. सर्वांत धाकटा. वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'एल इहो देल सांतो' म्हणजे 'सांतोचा मुलगा' म्हणून उतरला. तोच चंदेरी मुखवटा. मोठ्या बापाच्या मुलांचं सहसा जे होतं ते याचं झालं नाही. डावांच्या बाबतीत तो वडिलांपेक्षा सरस होता असं म्हणणारे जाणकार आहेत, आणि त्याच्या १९९० च्या दशकातल्या लढती पाहून मलाही ते पटतं. पुढे नातवांपैकी कोणी सांतोचं नाव लावायचं यावरून घराण्यात कोर्टकचेरीही झाली. मुखवटा वारसाहक्कात येतो म्हटल्यावर भाऊबंदकी आलीच.

मेक्सिकोला गेलो तर काय बघू?

शुक्रवारी रात्री अरेना मेहिको. १९५६ मध्ये उघडलं, सोळा हजारांच्या वर लोक बसतात, आणि त्याच्या उद्घाटनाच्या लढतीत सांतो आणि ब्लू डेमन समोरासमोर उभे होते. पण माझं मत विचाराल तर शनिवारी नरसाळ्यात जा, म्हणजे अरेना कोलिसेओत. लहान आहे, जुनं आहे, वरच्या रांगेतून टाकलेली शिवीसुद्धा खाली पैलवानाला ऐकू जाते. वस्ती गजबजलेली आहे, रात्री परतताना टॅक्सी आधी सांगून ठेवा. तुलान्सिंगोला त्याचा पुतळा आहे, पण तेवढ्यासाठी कुणी जाऊ नये.

तिथे मिळणारे मुखवटे खरे असतात का?

सभागृहाबाहेर पदपथावर मिळतात ते पोरांचे. पातळ कापड, मागे नाडी असली तरी नावाला. दहा मिनिटांत आत घाम सुटतो आणि नाकाचं शिवण टोचायला लागतं. पैलवानांचे मुखवटे शिवणारे वेगळे असतात. ते डोक्याची मापं घेतात, थांबायला लावतात आणि पैसे चांगले घेतात. चंदेरीच सगळ्यात जास्त खपतो. नाडी नीट आवळायची, नाहीतर डोळ्यांची भोकं गालावर येतात.